दांडीवरची नक्षी आधी भोकाला विचारून ठरवा

पुण्यातल्या कोथरूडच्या एका तरुण कारागिरानं विचारलं आहे: "तंबाखूच्या पाइपसाठी शिसवीची दांडी केली. तिच्यावर चार पदरांचा पीळ कोरला, पॉलिश पेपर मारला, मशीनवर बफ केलं आणि वरून दुकानातलं चकचकीत वॉर्निश दिलं. पहिल्या दिवशी सुंदर दिसली. आता पिळाच्या कडा गोल झाल्यासारख्या वाटतात, खाचांत पांढरट काहीतरी बसलंय, तोंडाकडचं वॉर्निश पापुद्र्यांसारखं सुटतंय आणि ओढताना मध्येच हवा फुसकते. माझं काय चुकलं? आणि एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, दांडीवर असं कोरीवकाम करता येतं का?"

चार तक्रारी आहेत, पण मूळ एकच. तुम्ही दांडीला काठी समजून सजवलंत. ती काठी नाही, नळी आहे. तिच्या पोटात भोक आहे, त्यातून गरम धूर आणि ओल जाते, तिचं एक टोक ओठांत आणि दातांत राहतं आणि दुसरं टोक पाइपच्या खोबणीत घट्ट बसावं लागतं. नक्षी कुठे, किती खोल आणि तिच्यावर कसला हात द्यायचा हे या तीन गोष्टी ठरवतात. डोळ्याला काय आवडतं ते त्यानंतर येतं.

आमच्याकडे कातकाम वडिलांपासून आहे. त्यांनी कसबा पेठेतल्या खोलीत लाटणी, पाळण्याचे खांब आणि पाटाचे पाय कातले. मी फाउंटन पेनच्या दुरुस्तीतून एबोनाइटकडे आलो आणि तिथून पाइपच्या दांड्यांकडे. मी स्वतः तंबाखू ओढत नाही, आणि पाइपच्या धुरानंही तोंडाचा कर्करोग होतो हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. पण जी वस्तू माणूस तोंडात धरणार आहे, ती करणाऱ्यानं तिची जबाबदारी घ्यायला हवी. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी भिंतीचा हिशेब. दांडी कुसवाकडे (कुसू म्हणजे पाइपच्या खोबणीत बसणारं टोक) १२ मिमी जाड आणि भोक ४ मिमीचं असेल, तर चारी बाजूंनी ४ मिमी भिंत उरते. लाकडात खाचेखाली निदान दोन मिमी भिंत राहिली पाहिजे असं मी मानतो. म्हणजे कागदावर दोन मिमी खोल कोरायला परवानगी मिळाली. पण ड्रिल कधीच पूर्ण सरळ जात नाही. १५० मिमी लांबीत लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, वाकडी असेल तर ते एखादा मिमी सहज सरकतं, आणि मग एका बाजूला ५ तर दुसऱ्या बाजूला ३ मिमी भिंत उरते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून मी लाकडात १ मिमीपेक्षा खोल जात नाही. १ मिमी ऐकायला कमी वाटतं, पण तिरप्या उजेडात १ मिमीची स्वच्छ खाच दोन मिमीच्या बोथट खाचेपेक्षा खोल दिसते.

तोंडाकडचा हिशेब अजून कडक आहे. एबोनाइटची चांगली दांडी दातांच्या जागी सुमारे ४ मिमी जाड असते. तिथे भोक चपटं होत दीड मिमी उंचीचं उरतं. म्हणजे वर सव्वा आणि खाली सव्वा मिमी. तिथे नक्षीचा विचारसुद्धा करायचा नाही.

हा धडा मी गिऱ्हाइकाच्या पैशानं शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत बाभळीची एक लांब दांडी केली होती. बाहेरून कातून झाल्यावर भोक पाडलं आणि त्यावर खोल पीळ कोरला. आठवड्यात ती परत आली. गृहस्थ म्हणाले, "धूर कमी आणि वारा जास्त येतोय." पिळाच्या एका खाचेत सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला: आधी भोक, मग कातकाम. चौकोनी तुकड्यात दोन्ही टोकांकडून ड्रिल घालून भोक पाडायचं, मग त्या भोकाची दोन टोकंच लेथवर केंद्र म्हणून धरायची आणि बाहेरचा गोल त्या भोकाभोवती कातायचा. मधे कुठे ड्रिल थोडं सरकलं असेल तर तेवढाच फरक राहतो, टोकांशी भिंत सारखी येते. कोरून झाल्यावर परीक्षा पंक्चरवाल्यासारखी. एका टोकावर बोट ठेवा, दांडी पाण्याच्या परातीत धरा आणि दुसऱ्या टोकानं फुंका. बुडबुडा आला की जागा सापडली. तुमच्या दांडीत फुसकणारी हवा बहुधा पिळाच्या खाचेतूनच येते. कुसू सैल असेल तर ती सांध्यातून येते, पण तेही त्याच परातीत कळेल.

आता जागा. मी प्रत्येक दांडीचे मनात तीन भाग करतो. तोंडाकडचा सुमारे तिसरा हिस्सा पूर्ण गुळगुळीत. कुसवाजवळचे १० ते १२ मिमीही साधे, कारण दांडी पाइपमधून काढताना माणूस तिथे धरून पीळ देतो, आणि तिथे भिंत कुसवाच्या खोबणीला टेकते. उरलेला मधला भाग तुमचा, हवं ते कोरा. जुने कारागीर हे बंधन जन्मतः जाणत असावेत. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहा. घोडे, पोपट, माणसांच्या जोड्या, काय नाही त्यात! पण सगळी हौस मुठींकडे आणि बिजागरीकडे आहे. सुपारी जिथे कातरते ते पातं साधं. दांडीचंही तसंच आहे, फक्त आपलं पातं म्हणजे ओठ.

पीळ आखताना बहुतेक जण नजरेवर भरवसा ठेवतात आणि तिथेच पदर लहानमोठे होतात. १२ मिमीच्या दांडीचा घेर साधारण ३८ मिमी. कागदाची पट्टी गुंडाळा, कापा, तिच्या चार घड्या घाला, म्हणजे चार उभ्या रेघांच्या जागा मिळाल्या. त्या पेन्सिलीनं लांबीभर ओढा. मग दर १० मिमीवर आडवं कडं काढा. आता पहिल्या रेघेपासून सुरू करून प्रत्येक कड्याला एक रेघ पुढे जा: चार कड्यांत, म्हणजे ४० मिमीत, एक फेरा पूर्ण. या बिंदूंवरून जाड कागदाची लवचीक पट्टी वळवून रेघ जोडा. दांडी तोंडाकडे निमुळती होत असेल तर कड्यांमधलं अंतरही त्याच प्रमाणात कमी करा. जाडी ९ मिमीवर आली तिथे अंतर साडेसात मिमी. असं केलं तरच पिळाचा कल सगळीकडे सारखा राहतो. नाहीतर निमुळत्या टोकाशी पीळ ताणल्यासारखा, सुटल्यासारखा दिसतो. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बारकाईनं पाहा, खांब निमुळता होतो तशी वरची नक्षीही आटोपती होत जाते.

खाच पाडायला पटाशी नको. पिळाच्या खाचेची एक बाजू रेषेबरोबर चालते, दुसरी रेषेविरुद्ध, आणि पटाशी त्या दुसऱ्या बाजूला कपची उडवतेच. बारीक करवतीनं रेघेवर अर्धा मिमी वाट करा, मग गोल कानस, मग उंदराच्या शेपटीसारखी निमुळती कानस. बोहरी आळीत सुईकानसींचा संच मिळतो. मला त्याहून आवडतात ती जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणारी दातांच्या डॉक्टरांची टाकून दिलेली हत्यारं. त्यांचं पोलाद चांगलं असतं आणि वाकडी टोकं खाचेत नेमकी बसतात. दगडावर हवा तसा आकार देता येतो.

आता कडा का गोल झाल्या ते. तुम्ही कोरल्यानंतर पेपर मारलात. पेपर बोटाच्या दाबानं चालतो आणि बोट मऊ असतं, त्यामुळे कागद खाचेच्या ओठावर वाकतो आणि पहिला घास तिथेच घेतो. त्यावर बफचं चाक आलं की उरलेली कडही गेली. क्रम असा हवा: न कोरलेला पृष्ठभाग २२०, ३२०, ४००, ६०० नंबरच्या पेपरांच्या पायऱ्यांनी पूर्ण गुळगुळीत करा. लाकूड असेल तर मधे एकदा ओल्या फडक्यानं पुसून उठलेले तंतू पुन्हा काढा. सगळं चकचकीत झालं की मग कोरा. कोरल्यावर वरच्या पृष्ठभागाला पेपर लावायचा नाही. खाचेच्या आतच, काडीला पेपर गुंडाळून, हलका हात फिरवा. खाचेत बसलेलं पांढरट म्हणजे बफच्या पॉलिशचा बार. शिसवीची छिद्रं मोठी, त्यात हा बार बसला की सहज निघत नाही. मऊ दात घासायचा ब्रश, थोडं मेण, थोडा धीर. कोरीव दांडीवर मी बफचं चाक लावतच नाही. घोड्याच्या केसांचा बुटाचा ब्रश आणि मेण, एवढंच. चमक थोडी कमी येते, पण पीळ जिवंत राहतो.

लाकडाबद्दल. शिसवी वाईट नाही, पण तिची मोठी छिद्रं बारीक नक्षीला साथ देत नाहीत, आणि तिची धूळ अनेकांना खाज-शिंका आणते, म्हणून मास्क लावूनच काम करा. सागवान टाळा: त्यातले कण हत्यार बोथट करतात आणि पातळ कडा कपचीनं जातात. बारीक कोरीवकामाला माझ्या हातात सगळ्यात चांगली उतरलेली दोन लाकडं म्हणजे हळदू आणि काळा कुडा. हळदू पिवळसर, घट्ट, एकसारख्या पोताचं, पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनसाठी ते वापरत. काळ्या कुड्याचं लाकूड जवळजवळ हस्तिदंती रंगाचं. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच. बोरीचं लाकूडही छान, लालसर आणि चिवट.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: फांदी सरळ आहे, हाताशी आहे म्हणून कुठलंही झाड कापू नका. कण्हेरीची फांदी दिसायला दांडीसाठीच जन्मलेली वाटते, पण कण्हेर विषारी आहे आणि ती तोंडात जाणार. बिब्ब्याच्या झाडाचा चीक अंगावर फोड आणतो. असा फोड आणणारा चीक असलेल्या झाडांपासून लांबच राहा. ज्या लाकडाचं नाव खात्रीनं माहीत नाही, त्याची दांडी करायची नाही.

लाकडी दांडीचं तोंड मात्र लाकडाचं ठेवू नये असं माझं मत आहे. लाकूड ४ मिमीला दातांखाली टिकत नाही, ओलीनं फुगतं, आणि ६ मिमी ठेवलं तर तोंडात लाटणं धरल्यासारखं वाटतं. शेवटचे ३० मिमी एबोनाइटचे जोडा. ही काही नवी युक्ती नाही. तुर्कस्तानातल्या लांब चिबुक पाइपांच्या दांड्या चेरीच्या किंवा जाईच्या लाकडाच्या असत आणि तोंडाला अंबरचा तुकडा असे. लाकूड सुगंधाला आणि हाताला, अंबर ओठाला. काम वाटून दिलं की दोघांनाही सजवता येतं.

भोक आणि नक्षी यांची सगळ्यात विलक्षण गाठ मी चित्रांत पाहिली ती उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या दांड्यांत. ॲश नावाच्या झाडाची चपटी, रुंद दांडी, आणि तिच्या मधोमध आरपार जाळी कापलेली. पाहणाऱ्याला वाटतं, धूर जातो कुठून? धुराची वाट जाळीला वळसे घालत बाजूबाजूनं नेलेली असते. अशा फांद्यांच्या गाभ्यात मऊ भेंड असतं, ते तापलेल्या तारेनं जाळून वाट करायची रीतही तिथलीच. त्यांच्याकडे पाइप ही पूजेची वस्तू आहे, त्यामुळे ती नक्षी उचलून आपल्या दांडीवर छापणं मला पटत नाही. पण आधी वाट आणि मग जाळी हा विचार घ्यायला हरकत नाही. आपल्याकडचं म्हणाल तर केळफूल आहे, महिरप आहे, पेशवाई लाकूडकामात उतरलेली कमळाची पाकळी आहे. एवढ्या जागेत एकच घ्या.

कोरायचं नसेल तर जाळता येतं. लेथवर दांडी फिरत असताना टोकदार हत्यारानं बारीक खाच पाडायची आणि तिच्यात सतारीची तार दाबून धरायची. घर्षणानं तार तापते आणि खाचेत काळीभोर, केसासारखी रेघ उमटते. अशा तीन रेघा जवळजवळ, मग जागा सोडून एक, एवढ्यानं दांडी सजते आणि भिंतीतून पाव मिमीही जात नाही. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधा. तार बोटाला गुंडाळून फिरत्या लेथजवळ जाऊ नका, बोट जाईल. ही रीत फक्त लाकडासाठी. एबोनाइट किंवा ॲक्रिलिक जाळलं तर निघणारी वाफ छातीत जाते.

बांबूचं थोडक्यात: बुरूड आळीतून लागून-लागून पेरं असलेला, जाड भिंतीचा तुकडा निवडून घ्या. त्याची पेरं हीच नक्षी. मंद आचेवर फिरवला की कातडीवर मेणट घाम सुटतो. तो फडक्यानं पुसत गेलं की रंग मधासारखा होतो. कातडी घासू नका, तिची चमक परत येत नाही. आणि बांबू नीट वाळलेला घ्या, नाहीतर भुंगा लागतो.

आता वॉर्निश. पॉलियुरेथेन असो की मेलामाइन, ही सगळी लाकडावर पापुद्रा धरणारी द्रव्यं. खाली लाकूड ओलीनं फुगतं-आटतं, वरचा पापुद्रा तेवढा हलत नाही, त्यात दात लागले की तडा, आणि तड्यातून ओल आत. मग तो सुटून तोंडात येतो. तुमच्या दांडीचं हेच झालं. दांडीवर पापुद्रा नको, लाकडात मुरणारं काहीतरी हवं.

माझी पद्धत अशी. कच्चं जवसाचं तेल, घाण्यावरचं, खाण्याचं. रंगाच्या दुकानातलं बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाचा अगदी पातळ हात, अर्ध्या तासानं पूर्ण पुसायचा, आणि चार-पाच दिवस तसंच ठेवायचं. पावसाळ्यात आठवडाही लागतो. असे तीन हात. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि फडका आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा. कोरीव भागावर नंतर चपड्याचे दोन पातळ हात देतो, बोटाला गुंडाळलेल्या सुती चिंधीनं. चपडा म्हणजे लाख, गोळ्यांवर आणि मिठाईवर सुद्धा देतात, त्यामुळे बिनविषारी. पण तो तोंडाकडे नको. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणजे ज्यांच्या एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात पेला असतो त्यांच्या ओठांना तो चिकटायला लागतो. शिवाय पाणी लागलं की पांढरा पडतो आणि उष्णतेनं मऊ होतो. तोंडाकडे फक्त मेण: मधमाशीचं मेण, आणि कडकपणासाठी त्यात थोडं कार्नोबा, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण. दर दोन महिन्यांनी पुन्हा लावायचं. गिऱ्हाइकाला हे सांगून द्यायचं, त्यात कमीपणा नाही.

रंगाबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय, कारण "पारंपरिक" या शब्दाखाली लोक काहीही वापरतात. शेंदूर शिशाचा असतो. हिंगूळ पाऱ्याचा. हरताळ म्हणजे सोमलाच्या नात्यातला, आर्सेनिकच. जुन्या लाखकामात हे रंग होते म्हणून ते दांडीवर चालत नाहीत. काळा हवा असेल तर काजळी, नाहीतर हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला हिरडा कुटून रात्रभर पाण्यात भिजत घाला, ते पाणी लाकडाला द्या, वाळू द्या. दुसऱ्या बाटलीत व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस आठवडाभर ठेवून गाळून घ्या, झाकण सैल ठेवा कारण वायू सुटतो. ते दुसरं पाणी वरून फिरवलं की डोळ्यांदेखत लाकूड निळसर काळं होतं. जुनी शाई याच तत्त्वावर होत असे. रंग लाकडातच तयार होतो, वर बसत नाही, म्हणून सोलवटत नाही. कुड्याच्या पांढऱ्या दांडीला आधी असं काळं करून मग पीळ कोरा: खाचा पांढऱ्या उमटतात आणि वेगळ्या रंगाची गरजच राहत नाही. हे काळं तोंडाकडच्या भागावर देऊ नका.

एबोनाइट. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय, आणि खरं सांगायचं तर बारीक रेघेला लाकडापेक्षा एबोनाइट कितीतरी चांगलं. त्याला रेषा नाही, म्हणजे खाच कुठल्याही दिशेनं सारखीच निघते. जुन्या एबोनाइट पेनांच्या अंगावर लाटांसारख्या बारीक रेघा आठवतात का? ती नक्षी अर्धा मिमीसुद्धा खोल नसते, तरी शंभर वर्षं टिकलेली मी हातात घेतली आहेत. एबोनाइट म्हणजे रबर आणि भरपूर गंधक एकत्र शिजवून केलेला कडक पदार्थ. कातताना गंधकाचा वास येतो. उन्हात आणि ओलीत पृष्ठभाग हिरवट-तपकिरी पडतो आणि चव बिघडते. इथे नक्षी आणि देखभाल यांचं भांडण आहे. साधी दांडी हिरवट पडली तर पुन्हा घासून काळी करता येते. कोरीव दांडी घासली तर नक्षीच जाते. म्हणून एबोनाइटवर मी दाट नक्षी करत नाही: कुसवाजवळचा साधा भाग सोडून पुढच्या १५-२० मिमीच्या पट्ट्यात थोड्या रेघा, बाकी गुळगुळीत, घासता येईल अशी. आणि गिऱ्हाइकाला सांगतो, खिडकीत ठेवू नका, गरम पाण्यानं धुऊ नका.

वाकडी दांडी हवी असेल तर वाकवणं कोरण्याच्या आधी. एबोनाइट उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेला मऊ पडायला लागतं. भोकात पाइप साफ करायची तार घालून ठेवायची, म्हणजे वाट चेपत नाही, मग हलक्या हातानं वाकवून गार पाण्यात धरायचं. आधी कोरलं तर वाकाच्या बाहेरच्या बाजूला रेघा फाकतात आणि आतल्या बाजूला चिकटतात. एबोनाइटला मूळ आकाराची आठवणही असते: नंतर पुन्हा तापलं तर ते सरळ व्हायला बघतं. मेमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या दांडीचा वाक उलगडू शकतो.

ॲक्रिलिकवर फार वेळ घालवत नाही. रंग सुंदर, हिरवट पडत नाही, पण हत्यार थोडं बोथट झालं की खाचेच्या कडेला शंखासारखी कपची उडते. कोरल्यावर स्पिरिटनं पुसू नका, बारीक केसासारख्या भेगा पडतात. म्हशीचं शिंग छान कोरलं जातं, पण थरांत सुटतं आणि त्याला कीड लागते. हस्तिदंत आणि सांबरशिंग कुणी "जुनं आहे" म्हणून आणून दिलं तरी हात लावू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी नको.

धातूबद्दल एकच सांगतो. सांध्याजवळ एक कडं दांडीला जेवढं रूप देतं तेवढं कुठलीही नक्षी देत नाही. तांबट आळीतलं मठारकाम पाहिलंत तर कळेल: प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून, आणि सगळ्यांवर उजेड वेगळा पडतो. मी पातळ चांदीच्या कड्यावर लहान हातोडीनं तशीच ठोक्यांची जाळी उठवतो. तांबं-पितळ ओठांपासून लांब ठेवा, ओलीनं हिरवं पडतं. शिसवीत चांदीची तार बसवायची असेल तर ०.५ मिमीच्या तारेला ०.४ मिमीची खाच, आणि खाचेची तळाकडची बाजू किंचित रुंद, म्हणजे ठोकल्यावर तार आत पसरते आणि धरून राहते. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीच्या तारकशीचे कारागीर शिसवीच्या जातकुळीतल्या शिसमात पितळी तार बसवतात. त्यामुळे तुमचं लाकूड इथे मात्र अगदी योग्य.

आणि तीच तार तुमची आताची दांडी वाचवेल. टाकून देऊ नका. परातीत धरून गळती कुठे आहे ते पाहा आणि खूण करा. वॉर्निश पूर्ण खरवडून काढा. खुणेच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिमी, म्हणजे एकूण १० मिमीचा पट्टा पिळाच्या पदरांवरून अर्धा मिमी खाली घ्या. गळतीच्या खाचेत शिसवीचा बारीक भुसा आणि दोन भागांचं एपॉक्सी यांची लगदी भरा, बाकीच्या खाचाही तेवढ्या पट्ट्यापुरत्या भरून सपाट करा आणि पुरते दोन दिवस वाळू द्या. मग ०.५ मिमीची चांदीची तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. वीस वेढे लागतील, सुमारे ७० सेंमी. एक मीटर घ्या. सुरुवातीचं टोक वेढ्यांखाली दाबा, शेवटचं टोक सुईनं पाडलेल्या बारीक छिद्रात तिरपं खोचा. छिद्र एका मिमीपेक्षा खोल नको. हे सगळं झालं की तेल द्यायच्या आधी दांडी पुन्हा परातीत धरा.